आवर्तनियमाचा शोधक मेंडेलीफ

सैबेरिया म्हटलें कीं बर्फानें झांकलेलीं ओसाड मैदानें आणि रशियाच्या झारांनीं हद्दपार केलेले लोक, हेंच चित्र आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. त्या सैबेरियांतील टोबोल्स्क ह्या गांवीं ता. ८ फेब्रुवारी १८३४ रोजीं दिमित्री इव्हानोविच मेंडेलीफ ह्याचा जन्म झाला. त्याचे वडील तेथील हायस्कुलाचे मुख्याध्यापक होते. घरांत मुलांची गर्दी मोठी, आणि दिमित्री हें त्यांतलें शेंडेफळ. परंतु त्याच्या जन्माच्या वर्षींच वडिलांच्या डोळ्यांत मोतीबिंदु उतरून त्यांची दृष्टि गेली, नोकरी सुटली, आणि तुटपुंज्या पेन्शनीवर एवढ्या मोठ्या कुटुंबाचा निर्वाह चालणें अशक्य झालें. तेव्हां त्याची आई मारिया हिनें कंबर बांधली. तिच्या माहेरच्या मंडळींचा जवळच्या एका खेड्यांत कांचेचा कारखाना होता. तो तिनें आपल्या हातीं घेतला, आणि घरचें सर्व पाहून त्या कारखान्याचा कारभारही ती हांकूं लागली. वाळूसारख्या क्षुद्र पदार्थाची विस्तवाच्या योगानें पारदर्शक कांच कशी होते, हें दिमित्रीस अगदीं लहानपणींच पाहावयास मिळालें. त्याच्या एका बहिणीचा पति राजकीय अपराधाबद्दल सैबेरियांत धाडलेला सुशिक्षित गृहस्थ होता; त्याच्या सहवासांत मुलास शास्त्रीय विषयांची गोडी लागली. शाळेंत मात्र लॅटिन भाषेशीं त्याचें कधींच जुळलें नाहीं.

१८४७ सालीं वडील वारले, आणि पुढच्याच वर्षीं कारखाना आगींत जळून खाक झाला. मारियेचें वय त्या वेळीं पन्नाशी उलटून गेलेलें, प्रकृति खालावलेली, हातीं पैसा जेमतेम. अशा स्थितींत दुसऱ्या कोणीही बाईनें नशिबाला दोष देत उरलेले दिवस काढले असते. हिनें मात्र १८४९ सालीं आपल्या धाकट्या मुलांस बरोबर घेऊन मॉस्कोचा रस्ता धरला. हें अंतर दोन हजार किलोमीटरांच्या आसपास आहे, आणि त्या प्रदेशांत आगगाडीचें नांवही त्या काळीं कोणी ऐकलें नव्हतें. सर्व प्रवास घोड्यांच्या गाडीनें करावयाचा. एवढें करून मॉस्कोस पोंचल्यावर काय झालें? ज्या विभागांतील विद्यार्थी, त्यानें त्याच विभागाच्या विद्यापीठांत जावें, असा सरकारी नियम होता. त्यामुळें मुलास प्रवेश मिळाला नाहीं. तेव्हां ती तशीच पुढें सेंट पीटर्सबर्गला गेली. तेथील अध्यापक-विद्यालयांत तिच्या पतीचें शिक्षण झालें होतें. ती जुनी ओळख कामास आली, आणि १८५० सालीं दिमित्रीस सरकारी खर्चानें तेथें जागा मिळाली. त्याच वर्षीं ती माउली मरण पावली. पुढें सदतीस वर्षांनीं, १८८७ सालीं, द्रावणांवरील आपला मोठा ग्रंथ मेंडेलीफनें तिच्याच स्मृतीस अर्पण केला.

विद्यार्थिदशेंत त्याची प्रकृति फार नाजुक होती. फुप्फुसांतून रक्त पडे, आणि हा क्षय असावा असें डॉक्टरांस वाटे. तरीही १८५५ सालीं सुवर्णपदक मिळवून तो परीक्षा उत्तीर्ण झाला. हवापालटाकरितां कांहीं काळ त्यानें क्रिमियांत व ओडेसा येथें शिक्षकाचें काम केलें, आणि प्रकृति सुधारल्यावर तो पीटर्सबर्गला परतला. १८५९ पासून दोन वर्षें तो जर्मनींत हायडेलबर्ग येथें होता. ह्या मुक्कामांतील एक गोष्ट पुढच्या दृष्टीनें फार महत्त्वाची आहे. १८६० च्या सप्टेंबरांत कार्ल्सरूए शहरीं युरोपांतील रसायनशास्त्रज्ञांची परिषद भरली. त्या काळीं ह्या शास्त्रांत केवढा गोंधळ होता याची आज आपणांस कल्पना येणार नाहीं. कोणी ऑक्सिजनचा परमाणुभार ८ धरी, कोणी १६. कोणी कार्बनचा ६ धरी, तर कोणी १२. साधें पाणी, पण त्याचें सूत्रही निरनिराळ्या पुस्तकांत निरनिराळें असे. परिषदेंत इटलीच्या कॅनिझारो नांवाच्या विद्वानानें परमाणुभार ठरविण्याची निश्चित रीति सर्वांपुढें मांडली. ऐकणारांत सव्वीस वर्षांचा मेंडेलीफ बसला होता. विश्वासूं परमाणुभार मिळाले नसते तर त्याचा पुढला शोध लागता ना.

१८६७ सालीं तो पीटर्सबर्ग विद्यापीठांत रसायनशास्त्राचा अध्यापक झाला. विद्यार्थ्यांच्या हातीं द्यावें असें चांगलें पुस्तक रशियन भाषेंत त्यास दिसेना, म्हणून त्यानें स्वतःच तें लिहावयास घेतलें. पहिला भाग पुरा झाला, आणि दुसऱ्याच्या आरंभींच तो अडला. त्या वेळीं ६३ मूलद्रव्यें ठाऊक होतीं. कोणतें आधीं सांगावें, कोणतें नंतर? क्लोरीन, ब्रोमीन व आयोडीन हीं एका गोत्रांतलीं, लिथियम, सोडियम व पोटॅशियम हीं दुसऱ्या गोत्रांतलीं, हें सर्वांस माहीत होतें. पण एका गोत्राचें वर्णन संपल्यावर पुढें कोणतें घ्यावें ह्यास कांहींच आधार नव्हता. एवढा मोठा शोध एका शिक्षकास धड्यांचा अनुक्रम लावतांना लागला, ही गोष्ट विद्यार्थ्यांनीं आणि शिक्षकांनींही ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

मूलद्रव्यांत कांहीं व्यवस्था असावी असें त्याच्या आधींही पुष्कळांस वाटलें होतें. इंग्लंडांतील न्यूलँड्स ह्यानें मूलद्रव्यें परमाणुभाराच्या क्रमानें मांडून पाहिलीं, तेव्हां दर आठवें मूलद्रव्य पहिल्यासारखें निघतें असें त्यास आढळलें. आपल्या गायनांत सात स्वर संपले कीं पुन्हां वरचा षड्ज लागतो, तसाच हा प्रकार. १८६६ सालीं लंडनच्या रसायन-सभेंत त्यानें हें सांगितलें, तेव्हां एका सभासदानें मूलद्रव्यें वर्णानुक्रमानें लावून पाहिलींत काय, असें विचारून त्याची थट्टा केली. थट्टा अन्यायाची होती खरी. पण न्यूलँड्सच्या मांडणींत एक मोठा दोष होता. जेवढीं मूलद्रव्यें ठाऊक तेवढींच जगांत आहेत अशा समजुतीनें त्यानें सर्व घरें भरून टाकलीं. त्यामुळें पुढें पुढें भलतींच द्रव्यें एका ओळींत येऊन बसलीं. जर्मनींत लोथर मायर हाही त्याच मार्गानें चालला होता आणि त्याची मांडणी पुष्कळच सरस होती.

आतां १ मार्च १८६९ ह्या दिवसाकडे येऊं. रशियांतील तेव्हांच्या पंचांगाप्रमाणें ही तारीख १७ फेब्रुवारी होती. मेंडेलीफ त्या दिवशीं चीज करण्याचे कारखाने पाहावयास परगांवीं जाणार होता. त्या कामासंबंधानें आलेल्या पत्राच्याच पाठीमागें त्यानें कांहीं मूलद्रव्यांचे परमाणुभार एकाखालीं एक लिहून पाहिले. प्रत्येक मूलद्रव्याचें नांव, भार आणि गुण लिहिलेलीं कार्डें करून, एकट्यानेंच मांडावयाच्या पत्त्यांच्या डावाप्रमाणें तो तीं टेबलावर लावीत बसला, असें सांगतात. सारणी त्यास स्वप्नांत दिसली, अशीही एक कथा फार पसरलेली आहे. परंतु खाडाखोडीनें भरलेला त्याचा मूळ कागद आजही जपून ठेवलेला आहे, आणि तो पाहिला कीं जागेपणींच्या श्रमांविषयीं शंका राहत नाहीं.

त्यास दिसलें तें असें. सोडियमपासून भाराच्या क्रमानें चला. सोडियम मऊ धातु, चाकूनें कापावा, पाण्यावर टाकतांच धडपडूं लागतो. मग मॅग्नेशियम, मग ॲल्युमिनियम. धातुपणा पायरीपायरीनें कमी होत जातो. सिलिकॉन अर्धामुर्धा, फॉस्फरस आणि गंधक तर धातु नव्हेतच, आणि शेवटीं क्लोरीन हा विषारी वायु. एका टोंकाच्या द्रव्यापासून तीव्र क्षार होतो, दुसऱ्या टोंकाच्यापासून तीव्र अम्लें. संयोगशक्तीचें पाहावें तर सोडियमचे दोन परमाणु ऑक्सिजनच्या एका परमाणूशीं संयोग पावतात, मॅग्नेशियमचा एकच पुरतो, ॲल्युमिनियमच्या दोघांस तीन ऑक्सिजन लागतात, सिलिकॉनच्या एकास दोन. याप्रमाणें एक, दोन, तीन, चार अशी ती शक्ति सातापर्यंत चढत जाते. आणि मग? मग येतो पोटॅशियम, आणि सोडियमचाच सारा खेळ पुन्हां पहिल्यापासून सुरू होतो. गुणांचें हें जें ठराविक अंतरानें फिरून येणें, त्यास मेंडेलीफनें आवर्तनियम असें नांव दिलें. त्याच मार्चांत त्याच्या एका सहकाऱ्यानें हा निबंध रशियन रसायन-मंडळापुढें वाचून दाखविला. फारशी खळबळ मुळींच उडाली नाहीं.

येथवर पाहिलें तर लोथर मायर व मेंडेलीफ ह्यांत फारसें अंतर नाहीं. अंतर आहे तें पुढेंच. जेथें जेथें आवर्तनियम व पुस्तकांतले आंकडे ह्यांचा विरोध आला, तेथें मेंडेलीफनें आंकडेच चुकले असें म्हणण्याचें धाडस केलें. बेरिलियमचा परमाणुभार सुमारें १४ धरीत, त्यास १४ वर जागा नव्हती. त्यानें तो ९ च्या आसपास आणला. युरेनियमचा १२० होता, तो एकदम दुप्पट करून २४० केला. आणि जेथें योग्य गुणाचें द्रव्य मिळेना तेथें दुसरें द्रव्य दडपून न बसवितां त्यानें घर रिकामें ठेवलें. पहिल्याच सारणींत ४५, ६८ व ७० ह्या आंकड्यांसमोर नुसतीं प्रश्नचिन्हें आहेत. १८७१ सालीं तर त्याच्याही पुढें जाऊन, कोणीही न पाहिलेल्या तीन मूलद्रव्यांचें त्यानें सविस्तर वर्णन छापलें: भार किती, विशिष्ट गुरुत्व किती, ऑक्सिजनशीं व क्लोरीनशीं संयोग कशा प्रमाणांत होईल. ज्योतिषानें सांगितलेलें भविष्य चुकलें तर तो पळवाट काढतो. येथें आंकडे छापून दिल्यावर पळवाट नव्हती. एक जरी द्रव्य भलत्याच गुणांचें निघतें, तरी सारा नियम हास्यास्पद ठरता.

हे आंकडे त्यानें कसे काढले, हें जिज्ञासु विद्यार्थ्यास स्वतः करून पाहतां येईल. त्यानें सेलेनियमचें उदाहरण दिलें आहे. सारणींत सेलेनियमच्या डाव्या बाजूस आर्सेनिक, उजवीकडे ब्रोमीन, वर गंधक व खालीं टेल्युरियम. आजचे स्थूल भार घेतले तर ७५, ८० , ३२ व १२८ यांची बेरीज ३१५. तिला चारांनीं भागलें कीं ७८.७५ येतात. सेलेनियमचा खरा परमाणुभार ७९ आहे. शेजारच्या चौघांवरून मधल्याची ओळख पटते ती अशी.

त्या न सांपडलेल्या द्रव्यांस नांवें देतांना मेंडेलीफनें कोणती भाषा घेतली असेल? लॅटिन नव्हे, ग्रीक नव्हे, आपली संस्कृत! ॲल्युमिनियमच्या खालचें पहिलें घर म्हणून एक-ॲल्युमिनियम, तसेंच एक-बोरॉन आणि एक-सिलिकॉन. मँगनीजच्या खालीं दोन घरें रिकामीं, म्हणून एक-मँगनीज आणि द्वि-मँगनीज. बोटलिंक व रोट ह्या पंडितांचा सुप्रसिद्ध संस्कृत शब्दकोश त्याच पीटर्सबर्ग शहरीं १८५५ ते १८७५ ह्या वर्षांत छापला जात होता, त्यामुळें संस्कृत अंक तेथील विद्वानांस अगदींच परके नव्हते.

चार वर्षें कांहींच घडलें नाहीं. १८७५ सालीं फ्रान्समध्यें लकॉक द ब्वाबोद्राँ ह्यास पिरेनीज पर्वतांतील जस्ताच्या खनिजांत एक नवीन द्रव्य आढळलें. त्याचें नांव त्यानें गॅलियम ठेविलें. वर्णन वाचतांच मेंडेलीफनें ओळखलें कीं हें आपलें एक-ॲल्युमिनियम. परंतु एक अडचण होती. शोधकानें त्याचें विशिष्ट गुरुत्व ४.७ दिलें होतें, आणि मेंडेलीफच्या हिशोबानें तें ५.९ च्या आसपास असावयास पाहिजे. ज्यानें तें द्रव्य डोळ्यांनीं पाहिलें नाहीं, त्यानें तें हातांत धरणाऱ्यास पत्र लिहून तुमचें माप चुकलें असें कळवावें, हा प्रकार ब्वाबोद्राँस सुखाचा वाटला नसेल. तरी त्यानें अधिक शुद्ध गॅलियम काढून पुन्हां तोलून पाहिलें. विशिष्ट गुरुत्व ५.९ भरलें. माझ्या मतें ह्या प्रसंगांत दोघांचाही सारखाच मोठेपणा आहे. ही धातु सुमारें ३० अंशांवर वितळते, म्हणजे तळहाताच्या उबेनेंही तिचें पाणी होतें.

१८७९ सालीं स्वीडनमध्यें निल्सन ह्यास स्कँडियम मिळालें. तें एक-बोरॉन ठरलें. राहिलें एक-सिलिकॉन. १८८६ सालीं जर्मनींतील फ्रायबर्ग येथें विंक्लर हा चांदीच्या एका नव्या खनिजाचें पृथक्करण करीत होता. सर्व घटकांची बेरीज शंभरांऐवजीं त्र्याण्णवच भरे. बाकीचे सात भाग कोठें जातात कळेना. तें हरवलेलें द्रव्य त्यानें चिकाटीनें शोधून काढलें आणि त्यास जर्मेनियम म्हटलें. गंमत अशी कीं ह्या खेपेस खुद्द मेंडेलीफलाच प्रथम तें दुसऱ्या एका घरांतलें वाटलें. पुढें मापें आलीं तेव्हां शंका उरली नाहीं. भाकीत: भार ७२, विशिष्ट गुरुत्व ५.५, ऑक्साइडाचें ४.७, द्रवरूप क्लोराइडाचें १.९. प्रत्यक्ष: भार ७२ हून किंचित् अधिक, विशिष्ट गुरुत्व सुमारें ५.४, ऑक्साइडाचें ४.७, क्लोराइडाचें १.८९. यानंतर आवर्तनियमास हंसणारा कोणी राहिला नाहीं.

असें असलें तरी मेंडेलीफचें प्रत्येक भाकीत खरें ठरलें असें नव्हे, आणि तेंही येथें सांगितलें पाहिजे. टेल्युरियमचा भार आयोडीनहून अधिक भरतो, आणि गुणांप्रमाणें तर टेल्युरियम आधीं यावयास पाहिजे. टेल्युरियमचें मापच चुकलें असावें असा त्याचा शेवटपर्यंत आग्रह होता. परंतु येथें माप बरोबर होतें. १८९४ सालीं हवेंत अर्गॉन हा कशाशींच संयोग न पावणारा वायु सांपडला, तेव्हां त्यास घरच नसल्यामुळें तो मूलद्रव्य नव्हेच असें त्यानें प्रथम म्हटलें. पुढें निऑन, क्रिप्टॉन वगैरे त्याचीं भावंडें सांपडल्यावर त्यांच्याकरितां स्वतंत्र रांग त्यानें मान्य केली. परमाणु फुटतो व त्यांत इलेक्ट्रॉन असतात, हें मात्र त्यास कधींच पटलें नाहीं.

आणि नेमकें तेथेंच त्याच्या नियमाचें कारण दडलें होतें. १९१३ सालीं मोझ्ले ह्या इंग्रज तरुणानें क्ष-किरणांच्या साह्यानें दाखविलें कीं मूलद्रव्यांचा खरा क्रम भारावर नसून परमाणूच्या गर्भांतील विद्युद्भारावर अवलंबून आहे. टेल्युरियमचा क्रमांक ५२, आयोडीनचा ५३. अडचण एका क्षणांत मिटली. (हा मोझ्ले १९१५ सालीं गॅलिपोलीच्या रणांगणावर अवघ्या २७ व्या वर्षीं मारला गेला.) गर्भाभोंवतीं इलेक्ट्रॉनांचीं कवचें असतात. सोडियमच्या बाहेरच्या कवचांत एक, मॅग्नेशियमच्या दोन, क्लोरीनच्या सात. एका रांगेंत उजवीकडे जावें तसा गर्भाचा ओढा वाढतो व परमाणु आंखडत जातो. स्तंभांत खालीं यावें तसें एकेक कवच वाढून परमाणु मोठा होतो आणि बाहेरच्या इलेक्ट्रॉनवरील पकड ढिली पडते. म्हणूनच पोटॅशियम सोडियमहून अधिक उतावळा. १९१६ सालीं अमेरिकेंत लुइस व जर्मनींत कोसेल ह्यांनीं संयोगाचें मर्म उलगडलें. सोडियम आपला एकुलता इलेक्ट्रॉन क्लोरीनला देऊन टाकतो, आणि उलट विद्युत् असलेले ते दोघे एकमेकांस ओढून धरतात. आपल्या जेवणांतल्या मिठाच्या स्फटिकांत प्रत्येक सोडियमभोंवतीं सहा क्लोरीन व प्रत्येक क्लोरीनभोंवतीं सहा सोडियम असतात. कार्बनजवळ चार इलेक्ट्रॉन. तो ते देत नाहीं कीं घेत नाहीं, शेजाऱ्याशीं भागीदारी करतो. हिऱ्यांत त्याचे चारही हात चार दिशांस चार शेजाऱ्यांनीं धरलेले असतात, म्हणून हिरा इतका कठीण. शिसपेन्सिलींतील ग्रॅफाइटांत तोच कार्बन तीन शेजाऱ्यांशीं जखडून पातळ पापुद्र्यांच्या चळती करतो, आणि त्या पापुद्र्यांच्या घसरण्यानेंच कागदावर अक्षर उमटतें. रांगेच्या मध्यभागीं कार्बन बसला आहे, ह्या एका गोष्टींत हें सारें आलें.

नियमाच्या मागें लागून आपण पुढल्या शतकांत येऊन पोंचलों. आतां मेंडेलीफच्या उत्तरायुष्याकडे वळूं. दाढी लांब, केंस खांद्यापर्यंत. ते तो वर्षांतून एकदांच कापवून घेई. १८८७ च्या ऑगस्टांत खग्रास सूर्यग्रहण पाहण्यासाठीं मॉस्कोच्या उत्तरेस क्लिन येथून विमानाच्या गोळ्यांतून म्हणजे बलूनमधून तो वर जाणार होता. पावसानें बलून भिजून जड झालें व दोघांस घेऊन उठेना. तेव्हां बलून चालविणाऱ्यास खालीं उतरवून हा त्रेपन्न वर्षांचा प्रोफेसर, ज्यानें तें यंत्र पूर्वीं कधीं हाताळलें नव्हतें, एकटाच ढगांच्या वर गेला, आणि सुखरूप खालीं आला. १८९० सालीं विद्यापीठांत विद्यार्थ्यांची चळवळ उठली. त्यांचा अर्ज त्यानें स्वतः शिक्षणमंत्र्याकडे नेला. मंत्र्यानें तो न स्वीकारतां परत धाडला. मेंडेलीफनें राजीनामा दिला, आणि तीन तपांच्या सुमारास चाललेलें अध्यापन संपलें. मुलांनीं चुका केल्या असतीलही. पण त्यांचा अर्ज वाचलासुद्धां जाऊं नये हें त्यास सहन झालें नाहीं. १८९३ पासून तो सरकारी वजनमापांच्या संस्थेचा प्रमुख होता, आणि रशियांत मेट्रिक पद्धतीस १८९९ सालीं कायद्यानें मोकळीक मिळाली ती पुष्कळशी त्याच्या खटपटीनें.

१९०६ सालचें नोबेल पारितोषिक त्यास देण्याची समितीची शिफारस होती. परंतु स्वीडनच्या शास्त्रपरिषदेनें तें फ्रान्सच्या म्वासाँ ह्यास दिलें. २ फेब्रुवारी १९०७ रोजीं पीटर्सबर्ग येथें मेंडेलीफचा अंत झाला. प्रेतयात्रेंत विद्यार्थ्यांनीं आवर्तसारणीचा मोठा तक्ता उंच धरून नेला होता, असें सांगतात.

त्या तक्त्यांत तेव्हां पुष्कळ घरें रिकामीं होतीं. द्वि-मँगनीजचें घर १९२५ सालीं ऱ्हेनियमनें भरलें. एक-मँगनीज मात्र पृथ्वीवर शोधतां शोधतां शास्त्रज्ञ थकले. तें १९३७ सालीं इटलींत, यंत्रांत कृत्रिम रीतीनें तयार झालेल्या नमुन्यांत मिळालें, आणि म्हणूनच त्यास टेक्नेशियम म्हणतात. १९५५ सालीं अमेरिकेंतील बर्कली येथें १०१ व्या क्रमांकाचें मूलद्रव्य बनविण्यांत आलें. पहिल्या प्रयोगांत त्याचे अवघे १७ परमाणु हातीं लागले. त्या मूलद्रव्यास मेंडेलेव्हियम असें नांव दिलेलें आहे.